अंधेरीतला कारखाना आणि कपाटातल्या फ्लॉप्या

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातला सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आयबीएमने स्वतः बनवलेला नव्हता. तो टँडन नावाच्या कंपनीचा होता, मॉडेल टीएम-१००. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ येथे ही कंपनी काढली होती सिरजंगलाल ऊर्फ जुगी टँडन या भारतीय इंजिनिअरने. सुरुवातीला ती पूर्ण ड्राइव्ह बनवत नसे, फक्त हेड बनवत असे. हेड म्हणजे फ्लॉपीला टेकून तिच्यावरची चुंबकीय नोंद वाचणारा आणि लिहिणारा बारीक तुकडा. त्याची जुळणी भिंगाखाली, हाताने करावी लागे. अमेरिकेत हे काम महाग पडत असल्यामुळे टँडनने ते भारतात आणले, आणि मुंबईत त्याचा पत्ता होता सीप्झ.

सीप्झचे पूर्ण नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. नाव सांताक्रूझचे असले तरी जागा अंधेरी पूर्वेची, मरोळच्या एमआयडीसीला लागून. १९७३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी हे क्षेत्र उभे केले. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत नाजूक जुळणीच्या कामाला प्रामुख्याने तरुण मुली असत. आज सीप्झ म्हटले की हिरे, दागिने आणि सॉफ्टवेअर आठवते. ऐंशीच्या दशकात मात्र तिथून डिस्क ड्राइव्हचे भाग परदेशी जात होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण आजचे आहे. मी जोगेश्वरीत बरीच वर्षे डीटीपीचे काम केले. त्यामुळे अजूनही लोक जुन्या फ्लॉप्या घेऊन माझ्याकडे येतात. कुणाच्या मरहूम वडिलांच्या मराठी कथा असतात, कुणाच्या जमातीच्या वर्गणीचा हिशेब, कुणाच्या कब्रस्तानाच्या दफनांची यादी. प्रश्न एकच असतो, “भाईजान, हे उघडेल का?” आणि बहुतेकांनी मनात उत्तरही ठरवलेले असते की आता काही होणार नाही, भंगारात द्यायचे. माझे म्हणणे असे की पुष्कळदा उघडते. पण ड्राइव्ह का वाचत नाही हे आधी नीट समजून घ्यावे लागते. घाई केली तर जी फ्लॉपी वाचली असती तीही हातची जाते.

आपले लिखाण फ्लॉपीत कसे गेले?

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि कॉम्प्युटरची व सुट्या भागांची आयात सोपी झाली. १९८८ मध्ये मोझर बेअर कंपनीने भारतातच सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे उत्पादन सुरू केले. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली. पुढे विंडोज आणि पेजमेकर आले, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आली. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या स्टेशनबाहेरच्या गाळ्यांत लग्नपत्रिका, हँडबिल आणि पुस्तके कॉम्प्युटरवर जुळू लागली.

मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीचा काळही नेमका हाच. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूरला भरले. त्यानंतरच्या दशकात छोटे अंक, स्मरणिका, वर्गणीतून छापलेले कवितासंग्रह असे पुष्कळ काही निघाले. यातले फार थोडे मोठ्या प्रकाशकांकडून आले. बाकीचे मोहल्ल्यातल्या डीटीपीवाल्याकडे जुळले, दोन-तीनशे प्रतींत छापले गेले आणि वाटून संपले. छापखान्याने कागद ठेवला नाही, ग्रंथालयाने प्रत घेतली नाही. मूळ मजकूर राहिला तो लेखकाला परत मिळालेल्या एका फ्लॉपीत.

उर्दूची गोष्टही वेगळी नाही. १९८१ मध्ये, म्हणजे आयबीएमच्या पीसीच्याच वर्षी, मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालिक तयार झाली. १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने इनपेज आणले आणि कातिबांचे काम कॉम्प्युटरकडे गेले. मदरशांचे दाखले, जलशांची इश्तिहारे, जमातीच्या नोटिसा इनपेजच्या फायलींत गेल्या, आणि त्या फायली फ्लॉपीत.

दोष शोधण्याचा क्रम

पहिली गोष्ट, ड्राइव्हला हात लावण्याआधी फ्लॉपी पाहा. सव्वापाच इंचीच्या पाकिटाला लांबट खिडकी असते. साडेतीन इंचीची पत्र्याची झडप बोटाने सरकवता येते. मधली चकती हळूहळू फिरवत उजेडात बघा. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या फ्लॉप्यांना ती हमखास लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या दिवशी तळमजल्यावरची किती कपाटे पाण्यात गेली हे कुर्ला, कालिना आणि साकीनाक्याच्या लोकांना विचारा. त्या चिखलातून वाळवून ठेवलेल्या फ्लॉप्या अजून माझ्याकडे येतात.

बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर दुहेरी नुकसान होते. हार्ड डिस्कचे हेड तरंगते, फ्लॉपीचे हेड मात्र चकतीला टेकून चालते. बुरशीचा कण हेडखाली अडकतो आणि चकतीवरचा तपकिरी थर गोल खरवडून काढतो. पुढे त्याच ड्राइव्हमध्ये चांगली फ्लॉपी घातली की तिचेही तेच होते. म्हणून अशा फ्लॉपीचे पाकीट एका कडेने कापून चकती बाहेर काढावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालावी. हे किचकट वाटते, पण तासाभराचे काम आहे.

दुसरी गोष्ट, लिहिण्याचा रस्ता बंद करा. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की फ्लॉपीवर काही लिहिले जात नाही. साडेतीन इंचीचे उलटे असते, तिथे कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी ठेवावी लागते. या दोन पद्धती एकमेकींच्या विरुद्ध असल्यामुळे माणसे गोंधळतात, म्हणून सांगून ठेवतो.

तिसरी गोष्ट केबल. ड्राइव्हचा दिवा मशीन चालू केल्यापासून पेटलेलाच राहिला, विझतच नाही, तर बहुधा ३४ तारांची पट्टी उलटी बसलेली असते. पट्टीच्या एका कडेला रंगीत तार असते, ती एक नंबरच्या पिनकडे हवी. याच पट्टीत टोकाजवळ काही तारांना पीळ दिलेला असतो. पिळानंतरच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ‘ए’ होतो, अलीकडच्या टोकाला लावलेला ‘बी’. ‘ड्राइव्ह मेला’ असे सांगून आणलेल्या मशीनमध्ये कित्येकदा एवढाच दोष निघाला.

चौथी गोष्ट हेडची सफाई. पडद्यावर ‘डेटा एरर’ किंवा ‘सेक्टर नॉट फाउंड’ आले आणि खाली ‘ॲबॉर्ट, रीट्राय, फेल’ असा प्रश्न आला की लोक पुन्हा पुन्हा ‘रीट्राय’ दाबत बसतात. तसे करू नये. आधी हेड पुसावे आणि खात्रीची, बिनमहत्त्वाची फ्लॉपी घालून बघावी. ती वाचली तर ड्राइव्ह ठीक आहे, दोष आपल्या फ्लॉपीत आहे. नाही वाचली तर अमानत आत घालायची नाही.

पाचवी गोष्ट वेग. ३६० केबीच्या फ्लॉपीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतो. टँडनच्या टीएम-१००मध्ये मोटर पट्ट्याने चाक फिरवते. तो पट्टा सैल झाला की वेग ढळतो आणि वाचन बिघडते. चाकाच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची दोन वर्तुळे असतात, एक ५० हर्ट्झचे, दुसरे ६० हर्ट्झचे. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटच्या उजेडात ५०चे वर्तुळ स्थिर दिसेपर्यंत छोटा स्क्रू फिरवायचा. पुढे सरकताना दिसले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी. मात्र त्यासाठी तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब हवी. आजच्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली हा हिशेब जुळत नाही.

एकाच आकाराच्या फ्लॉप्या, पण माप वेगळे

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटीबरोबर १.२ एमबीचा ड्राइव्ह आणला. बाहेरून तो जुन्या ३६० केबीच्या ड्राइव्हसारखाच दिसतो आणि फ्लॉपीचा आकारही तोच. आत मात्र ४० ट्रॅकऐवजी ८० ट्रॅक, म्हणजे हेड अरुंद. या ड्राइव्हवर ३६० केबीची जुनी फ्लॉपी वाचायला हरकत नाही. पण त्यावर दुरुस्ती करून पुन्हा साठवले की घोटाळा होतो. नवी अरुंद रेघ जुन्या रुंद रेघेच्या मधोमध लिहिली जाते आणि दोन्ही बाजूंना जुन्याचे अवशेष उरतात. मग हीच फ्लॉपी मूळ ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचे रुंद हेड नवे आणि जुने एकत्र वाचते आणि त्याला काहीच उमगत नाही. घरी लिहून डीटीपीवाल्याकडे दुरुस्त करून आणलेल्या फ्लॉप्यांत हा दोष फार दिसतो. घरच्या मशीनवर उघडली नाही म्हणून लेखक तिला खराब समजतो. ती १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये घालावी, बहुतेक वेळा उघडते.

याहून अवघड दोष हेड सरकण्याचा. टँडनचे नाव इथे पुन्हा येते. चकतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हेड टेकवायचे तर एक हेड पक्के बसवायचे आणि दुसरे लवचिक आधारावर ठेवायचे, या रचनेचे पेटंट टँडनकडे होते. त्यावरून जपानी कंपन्यांशी त्यांचा अमेरिकेत खटला चालला आणि १९८७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात टँडन हरले. असो. मुद्दा असा की वर्षानुवर्षांच्या वापराने किंवा धक्क्याने हेड आपल्या जागेवरून किंचित सरकते. सरकलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्या बिनतक्रार वाचतो, कारण लिहिताना आणि वाचताना तो सारखाच सरकलेला असतो. दुसऱ्याच्या फ्लॉप्या तो वाचत नाही आणि त्याच्या फ्लॉप्या दुसरा कुणी वाचत नाही.

उपनगरातल्या एका जमातीच्या ऑफिसातल्या फ्लॉप्यांची अशीच गोष्ट झाली. दफनांची यादी होती, आणि कुठल्याच मशीनवर ती उघडत नव्हती. जुना कॉम्प्युटर ऑफिसच्या पोटमाळ्यावर पडून होता. पूर्वी एका दुकानदाराने ‘ड्राइव्ह बिघडलाय, नवा टाका’ असे सुचवले होते. सुदैवाने ट्रस्टींनी खर्च टाळला. त्या बिघडलेल्या ड्राइव्हचे फक्त हेड पुसले, पट्टा बदलला आणि हेडच्या जागेला हात लावला नाही. फ्लॉप्या उघडल्या. तो ड्राइव्ह भंगारात गेला असता किंवा कुणी त्याचे हेड ‘सरळ’ केले असते, तर यादी वाचणे फार जड गेले असते. तेव्हा जुन्या फ्लॉप्यांबरोबर त्या ज्यावर लिहिल्या तो कॉम्प्युटर घरात असेल तर तो आधी सांभाळा.

आणखी एक दोष धोकादायक आहे, कारण तो दोष वाटत नाही. एक फ्लॉपी काढून दुसरी घातली तरी पडद्यावर पहिलीचीच यादी दिसते. फ्लॉपी बदलल्याची खबर ड्राइव्ह ३४ नंबरच्या तारेवरून देतो. ती तार तुटली की कॉम्प्युटरला वाटते आत जुनीच फ्लॉपी आहे. अशा वेळी काही साठवले तर पहिल्या फ्लॉपीचा हिशेब दुसरीवर लिहिला जातो आणि दुसरी कायमची बिघडते. दोन वेगळ्या फ्लॉप्यांची यादी सारखी दिसली की लगेच थांबा आणि केबल बदला.

लाहोर, पुणे आणि रोगट फ्लॉप्या

प्रत्येक वेळी दोष यंत्राचाच असतो असे नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला प्रसिद्ध व्हायरस. तो फ्लॉपीच्या पहिल्या भागात, बूट सेक्टरमध्ये बसे, फ्लॉपीचे नाव बदले आणि थोडी जागा ‘खराब’ दाखवे. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ सापडला. ५ जानेवारीला तो मशीन अडवून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला सांगे. त्या काळी कित्येक चांगले ड्राइव्ह व्हायरसमुळे बदलले गेले. या रोगावरचे औषधही मराठी मुलखातच तयार झाले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांच्या दुकानातून, त्यांचे भाऊ संजय यांच्या हातून ‘क्विक हील’ जन्मले. रोगट फ्लॉपीपासून आज घाबरण्याचे फारसे कारण नाही. फ्लॉपी आत ठेवून मशीन चालू केली नाही तर बूट सेक्टरचा व्हायरस जागा होत नाही.

झिप डिस्कबाबत मात्र सावध राहा. आयोमेगाचा १०० एमबीचा झिप ड्राइव्ह १९९४ मध्ये आला. सबंध पुस्तक चित्रांसह एका डिस्कमध्ये मावत असल्यामुळे डीटीपीवाल्यांनी तो उचलून धरला. या ड्राइव्हमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला की समजा त्याचे हेड गेले. अमेरिकेत याच तक्रारीवरून १९९८ मध्ये ग्राहकांनी दावा केला होता. असे हेड डिस्कची कड फाडते आणि फाटलेली डिस्क दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हचे हेड तोडते. ‘ही नाही चालली, दुसरी घालून बघू’ असे म्हणत माणूस एकामागून एक डिस्क गमावतो. आवाज आला की तिथेच थांबायचे.

फाइल निघाली, अक्षरे निघाली नाहीत

समजा फ्लॉपी वाचली. सर्वांत आधी तिची जशीच्या तशी पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर घ्या आणि पुढचे काम त्या प्रतिमेवर करा. फाइल उघडली की बहुतेकदा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. लोक इथे पुन्हा निराश होतात. पण ही खराबी नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते. सरकारी इस्की प्रमाण १९९१ मध्ये ठरले, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी आली, पण डीटीपीच्या दुकानात चालत होते ते कंपनीचेच फॉन्ट. कोणता फॉन्ट होता एवढे कळले की रूपांतर करता येते. त्यासाठी फ्लॉपीवरची चिठ्ठी फेकू नका. ‘श्री-लिपी’ किंवा ‘इनपेज’ एवढा एक शब्द त्यावर लिहिलेला असला तरी आठवड्याचे काम वाचते.

एवढा खटाटोप कशासाठी?

१९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत अनेकांची घरे आणि त्यांबरोबर कागदपत्रे जळाली. २००५ च्या पुरात आणखी गेली. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाची चर्चा पेटली तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यात लोक आजोबांच्या नावाचे कागद शोधत होते. फ्लॉपीतली नोंद कचेरीत पुरावा म्हणून चालेलच असे नाही. पण कोणत्या वर्षाच्या कोणत्या रजिस्टरात शोधायचे हे ती सांगते. आणि कथा-कवितांना तर कचेरीची गरजच नाही. मराठी मुसलमान नव्वदच्या दशकात काय विचार करत होता, हे पुढच्या अभ्यासकाला दुसरे कोण सांगणार?

यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्यावर कुरआन एकत्र लिहून काढण्याची जबाबदारी सोपवली. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. आठवणीत आहे, एके ठिकाणी लिहिलेले आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपल्या साध्या कागदांची त्या कलामाशी बरोबरी नाही, पण जतन करण्याची ही रीत आपल्याला लहानपणापासून सांगितलेली आहे. आपण मात्र एकच फ्लॉपी रबर लावून कपाटात ठेवली आणि नोंद सुरक्षित आहे असे मानले.

सोनीने २०११ मध्ये जपानातली फ्लॉपीची विक्री थांबवली. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचे ड्राइव्ह अजून मिळतात, सव्वापाच इंचीसाठी जुनाच ड्राइव्ह लागतो. तो कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या भंगारात कधीमधी दिसतो आणि दर वर्षी कमी दिसतो.

तेव्हा या पावसाळ्यापूर्वी एवढे करा. घरात, मशिदीच्या ऑफिसात, जुन्या अंजुमनच्या कपाटात फ्लॉप्या असतील तर त्या बाहेर काढा. मशीनमध्ये घालू नका. चिठ्ठ्यांसकट फोटो घ्या, कोरड्या डब्यात ठेवा आणि जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारवाल्याला सांगा, थोडे थांब. वाचून देणारे हात अजून उपनगरात आहेत. निघालेला मजकूर युनिकोडमध्ये आणून निदान तीन घरी ठेवा, आणि त्यातले एक घर दुसऱ्या शहरात असू द्या.